दुपारीच निघणारं कासव

बकुळाच्या आईने एकदा एक नेम धरला होता. बकुळा तेव्हा पाळण्यात होती. तापाने नुसती फणफणली होती, डोळे उघडत नव्हती. आईने टेकडीवरच्या देवीपुढे पदर पसरला. म्हणाली, "माय, माझं लेकरू एकदा हसू दे. घरातल्या मुक्या जिवाने खाल्ल्याशिवाय मी तोंडात घास घालणार नाही."

देवीच्या उजव्या खांद्यावरचं पांढरं फूल टपकन खाली पडलं. आणि उजाडता उजाडता पाळण्यातली बकुळा खुदकन हसली.

तेव्हा दारात कपिला गाय होती. आधी कपिलेच्या तोंडात भाकरी, मग आईच्या. पुढे कपिला म्हातारी झाली, देवाघरी गेली, गोठा रिकामा झाला. पण नेम काही म्हातारा झाला नाही. आई उंबऱ्यापाशी चतकोर भाकरी कुस्करून ठेवायची, चिमण्या यायच्या, चिवचिवत टिपायच्या, मग मायलेकी जेवायला बसायच्या. बकुळा मोठी झाली तसा तो नेम तिचाही झाला.

मोगरवाडीत त्यांचं घर अगदी शेवटचं. घर कसलं, दोन खणांचं खोपटं. बकुळाचे बाबा नव्हते. उजाडायच्या आत मायलेकी टेकडीवर कळ्या खुडायला जायच्या, मग देवळाच्या पायरीवर बसून हार गुंफायच्या. ते झाले की आई टोपली डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावांना निघायची आणि बकुळा उद्यासाठी दोरा वळायला, पानं वेचायला. दिवेलागणीला ती एकटीच घरी यायची. कडी काढून म्हणायची, "मी आले गं!"

घरात कोणी असेल तर ओ देईल ना! चूल गप्प, पाट गप्प, कोपऱ्यातला माठही गप्प.

एकदा ती आईला म्हणाली, "आई, आपण एखादं पिल्लू पाळू या ना. मी घरी आल्यावर कुणीतरी माझी वाट बघत असावं, एवढंच."

कुंपणापलीकडून शेजारच्या सोनकाकूंनी लगेच मान वर काढली. "अगो बाई! तुम्हा मायलेकींना स्वतःची वेणी घालायला सवड नाही, आणि निघाल्या पिल्लू पाळायला! दिवसभर त्याला काय खुंटीवर टांगून ठेवणार?"

आई हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. "काकू म्हणतात ते खोटं नाही, बकू. जीव म्हणजे काही फुलांची टोपली नव्हे, ओलं फडकं टाकलं की राहिली ताजी."

बकुळा गप्प बसली. इच्छा मात्र गप्प बसली नाही.

आता त्या मायलेकींची एक रीत होती. कितीही घाई असो, झाड कधी ओरबाडायचं नाही. प्रत्येक झुडपावर एक फूल ठेवायचंच. "ते झाडाचं," आई म्हणायची. एके दिवशी पहाटे बकुळा खुडत खुडत पार वरच्या कुंदाच्या झुडपापाशी पोचली. एक टपोरं फूल तिने नेहमीसारखं ठेवलं आणि वळणार, तोच त्या फुलातून कुणीतरी इवलीशी जांभई दिली!

पाकळ्या हलल्या. आतून एक चिमुकली परी बाहेर आली. पंख चतुरासारखे, केस सोनसळी, झग्यावर दवाचे मोतीच मोती. ती हलली की गुलाबी, निळ्या, केशरी ठिणग्या उडायच्या.

"दचकू नकोस, बकुळाबाळ," परी म्हणाली. "मी दवपरी. तू रोज ठेवतेस ना, त्याच फुलात मी झोपते. सगळे सगळी फुलं नेतात, तू माझं अंथरूण ठेवतेस. सांग, तुला काय हवं?"

बकुळाला विचार करावाच लागला नाही. "माझी वाट बघणारं कुणीतरी."

परीने टाळी वाजवली आणि कुंदाच्या झुडपामागे चांदीचं पिटुकलं फाटक उघडलं. आत काय बाग होती म्हणून सांगू! गवतावर हिरवी लकाकी, पाण्यावर जांभळी झुळझुळ, आणि झाडाझाडाखाली प्राणीच प्राणी.

"यातला एक जीव तुझा," परी म्हणाली. "पण माझ्या अटी नीट ऐक. बागेत हे सगळे बोलतात, फाटकाबाहेर गेले की मुके. चूक झाली तर एकदाच परत आणता येईल, तेही सूर्य मावळायच्या आत. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला कोणी नसलं, तर तो जीव दव होऊन विरून जाईल. मग ना तो तुला, ना मला. म्हणून घाई नको, आधी..."

पण बकुळाचं लक्ष कुठे होतं? एक मऊमऊ, मधाच्या रंगाचं कुत्र्याचं पिल्लू तिच्या पायांशी लोळत होतं. नाक काळं करवंदासारखं, शेपूट तर थांबायलाच तयार नाही.

"हेच! हेच हवं मला!" बकुळाने त्याला उचललं आणि पळाली.

घरी येऊन तिने वाटीत दूधभाकरी कालवली. पिल्लाने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, तिचेच गाल चाटत बसलं. तिकडे उजाडत आलं होतं. "खा हं राजा, मी येतेच," म्हणून बकुळाने दार ओढलं आणि देवळाकडे धावली.

त्या दिवशी हारांची मोठी मागणी होती. सगळे हार संपवून आईने फडक्यातली भाकरी सोडली तेव्हा ऊन कललं होतं. बकुळाने परीची आणि पिल्लाची सगळी हकिगत सांगितली. आई डोळे विस्फारून ऐकत राहिली. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिचा हात थांबला.

"बकू, पिल्लाने खाल्लं का गं?"

"वाटी तर ठेवली होती."

"वाटी ठेवली ते कळलं. खाल्लं का?"

आईने एक तुकडा बकुळाच्या कनवटीला खोचला आणि बाकीची भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. पहाटेपासून तिच्याही पोटात काही नव्हतं, आणि आता पलीकडच्या गावापर्यंत चालायचं होतं.

"आई, तू खा ना गं!"

"वेडे, हा नेम काय आपल्या पोटाला शिक्षा म्हणून असतो?" आई मायेने म्हणाली. "जेवायला बसलं की त्या जिवाची आठवण व्हावी, म्हणून असतो. झाली ना आठवण? मग पळ!"

बकुळा पळत सुटली. घराजवळ आली तर सोनकाकू कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या. "आलीस? अगं, किती रडलं ते लेकरू! मी खिडकीतून यू यू करून थकले. कडी अशी गच्च बसलीय, माझ्याच्याने निघेना. आता तर आवाजही येत नाही."

बकुळाने कडी काढली. वाटी तशीच भरलेली. कोपऱ्यात पिल्लू बसलेलं, मधाळ डोळ्यांत पाणी भरलेलं आणि शेपटीचं टोक धुक्यासारखं पांढुरकं झालेलं. ते विरघळत होतं!

तिने झटकन परकराच्या टोकाने त्याचे डोळे पुसले, छातीशी धरलं आणि टेकडी चढू लागली. पायांत काटे बोचले, फुलांच्या दोऱ्याने कापलेली बोटं झोंबली, पण ती थांबली नाही. दर चार पावलांना पिल्लाचे डोळे पुसत होती. सूर्याची केशरी कड डोंगराला टेकली, तेव्हा ती फाटकातून आत आली. आत येताच शेपटी पुन्हा मधासारखी झाली आणि हलूही लागली.

"बकुताई," पिल्लू म्हणालं, "दूधभाकरी छानच असेल गं. पण मला एकट्याला घास गिळत नाही. मला दिवसभर कुणीतरी धावायला, चाटायला, भुंकायला लागतं."

"आधीच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

बकुळा तिथेच गवतावर बसली. तिने कनवटीचा भाकरीचा तुकडा काढला, आधी पिल्लाला भरवला आणि मग स्वतः खाल्ला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला काय हवं ते मी बघितलं. तुला काय हवं ते विचारलंच नाही."

दवपरी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "वेळेत आणलंस, शहाणी ती. आता पुन्हा निवड. मात्र यापुढे परत आणणं नाही."

या वेळी बकुळा एकेकापाशी जाऊन बसली आणि विचारू लागली. पोपट म्हणाला, "मला दिवसभर गप्पांना कुणीतरी हवं. नाहीतर मी माझीच पिसं उपटतो." ससे म्हणाले, "आम्ही एकेकटे राहत नाही बाई, नेशील तर सगळा गोतावळा ने."

मग आलं चंदेरी हरिण. ते पाऊल टाकी, तिथे गवतात एक मोती चमके. एवढे मोती म्हणजे आईला डोक्यावर टोपली घ्यायला नको, काट्यांतून चालायला नको!

"तुला काय लागतं रे?" तिने हळूच विचारलं.

"पळायला मोकळं रान," हरिण म्हणालं, "आणि बरोबर माझा कळप."

बकुळाने डोळे मिटले. आपलं परस आठवलं. एक तुळस, कपडे वाळत घालायची दोरी आणि शेणाने सारवलेला कट्टा. तिने हरणाच्या मानेवरून हात फिरवला. "मग तू इथेच राहा, बाळा. माझ्या मोत्यांसाठी तुझे पाय कशाला बांधू?"

वळताना तिला एका धोंड्याची ठेच लागली. तो धोंडा म्हणाला, "हळू गं!"

धोंडा कसला, ते एक छोटुकलं कासव होतं. शेवाळी रंगाचं, सुरकुतलेल्या मानेचं. बकुळाने खाली वाकून नमस्कारच केला. त्यांच्या देवीपुढेही दगडी कासव होतं, आधी त्याला हात लावून मगच आत जायचं.

"तुला काय लागतं, कासवबाळा?"

"मला?" कासव चकित झालं. "मला कुणी विचारत नाही. सकाळी मूठभर पानंफुलं, पसरट थाळीत पाणी, जरासं ऊन, जराशी सावली आणि इकडेतिकडे हिंडायला एक परस. तू दिवसभर कामाला गेलीस तरी मी मजेत. कोमेजलेली जास्वंद मिळाली तर मेजवानीच!"

बकुळाला हसू फुटलं. हारातून उरलेली जास्वंद तर रोज टोपलीच्या तळाशी असायची. "पण तुला रडू आलं तर?"

"आम्हीही रडतो," कासव गंभीरपणे म्हणालं, "पण सावकाश. अश्रू डोळ्यांपर्यंत यायला आठवडा लागतो. तोवर तू येशीलच की! फक्त एक गोष्ट नीट ऐक. मी फार जगतो. तू आजी होशील तेव्हाही मी असेन. तेव्हाही सकाळी मूठभर पानं घालशील?"

बकुळा लगेच हो म्हणाली नाही. सकाळची टोपली, आईचा नेम, परसातली जागा, सगळं तिने मनात लावून पाहिलं. मग म्हणाली, "घालीन. आणि तू खाल्ल्याशिवाय मी जेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कासवाने परसात बसून जास्वंदीच्या पाकळ्या चावून चावून खाल्ल्या. त्याचं तोंड लालचुटुक झालं, तेव्हाच मायलेकींनी भाकरी मोडली आणि निश्चिंत मनाने कामाला गेल्या.

दिवेलागणीला बकुळा घरी आली. कडी काढली आणि सवयीने म्हणाली, "मी आले गं!"

आतल्या बाजूला, उंबऱ्याला नाक टेकून, कासव उभं होतं. त्याने मान लांब, लांब, लांब बाहेर काढली आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला लावली.

सोनकाकू कुंपणावरून ओरडल्या, "अगं, दुपारीच निघालंय ते! परसातून मागल्या दाराने आत, थेट पुढच्या उंबऱ्यापर्यंत! मी म्हटलं, बाबा रे, कुठे निघालास उन्हाचा? मध्ये तुळशीपाशी जरा टेकलं, पुन्हा चालू लागलं. आत्ता कुठे पोचलंय बघ. तुझ्या येण्याची वेळ त्याने बरोबर धरली!"

बकुळा मटकन खाली बसली आणि कासवाच्या पाठीवर गाल टेकून हसत हसत रडली. तेवढ्यात आईही आली. आणि मागल्या दाराबाहेर तुळशीच्या मंजिरीवर काहीतरी चमचमलं.

दवपरी! "बकुळाबाळ," ती म्हणाली, "मोती सोडलेस, पण जीव दुखावला नाहीस. हे घे." तिने पंखांवरचं सगळं दव कासवाच्या पाठीवर शिंपडलं. बघता बघता पाठीवरच्या एकेका चौकटीत सोनेरी चांदणी उमटली. आणि ते दुपारभर जिथून चालत आलं होतं, त्या परसातल्या वाटेवर मोगऱ्याची रोपं तरारून वर आली. हिरवीगार पानं, टपोऱ्या कळ्या, घमघमाट! आता काट्यांतून टेकडी चढायला नको, फुलं दारातच. दुपारपर्यंत हार आटपतील आणि आईसुद्धा दिवेलागणीच्या आत घरी येईल.

"परीताई, थांब ना!" बकुळा म्हणाली.

"प्रत्येक झुडपावर एक फूल ठेव," परी हसली. "मी तिथेच असेन." मग गुलाबी, निळा, सोनेरी असा लखलखीत उजेड झाला, सगळं परस न्हाऊन निघालं, आणि उजेड ओसरला तेव्हा मंजिरीवर फक्त दवाचा एक थेंब डुलत होता.

तर बाळांनो, बकुळाला जसं सुख लाभलं तसं तुम्हालाही लाभो. तुमच्या घरीही कोणी मुका जीव आणायचं ठरलं, तर त्याचं रूप मागून बघा, आधी त्याला काय लागतं ते विचारा आणि आपल्या दिवसात तेवढी जागा आहे का ते पाहा. मगच आणा. आणि एकदा आणलात की एवढं माझं ऐका. रोज जेवायला बसताना त्याची आठवण करा, आणि त्याने खाल्ल्याशिवाय आपला घास उचलू नका.