धाकू मेस्ताने उतरवलेलं आढं

फार वर्षांपूर्वी, कौलं अजून नवलाईची होती तेव्हा, खाडीकाठच्या तळशेवाडीत धाकू मेस्त नावाचा सुतार होता. त्याने चढवलेल्या छपरातून कधी थेंब गळला नाही, असं म्हणतात. त्याचं तोंड कधी मिटलं नाही, असंही म्हणतात. वासा बोटभर वाकडा दिसला तरी त्याच्या कपाळाची शीर तटतटायची.

त्याच वाडीत दाजी सामंतांचं मातीच्या भिंतींचं जुनं घर होतं. दाजींनी मागच्या अंगाला खोली जोडायची ठरवली. धाकू म्हणाला, नवं छप्पर जुन्याच्या वळचणीखालून काढू, एकाच बाजूला उतरतं, म्हणजे पाणी मागच्या परड्यात जाईल.

"इतकं बुटकं?" दाजी म्हणाले. "नव्याचं आढं जुन्याच्या वर हवं. खाडीतल्या होडीतून दिसलं पाहिजे."

"आणि दाजीनू, दोन छपरांच्या मधी पडलेला पाणी खंय जातला?"

"मेस्ता, तुका काम सांगितलंय, शाणपण नाय."

धाकूने हत्यारं गुंडाळली आणि तो तडक घरी गेला. दाजींनी परगावचे सुतार आणून हवं तेवढं उंच आढं चढवलं. धाकू रोज त्या वाटेने जायचा, वर बघायचा आणि चडफडत परत यायचा.

"दुसऱ्या वाटेन जावा मगे!" त्याची बायको भागी वैतागून म्हणाली.

"वाट बदलतलंय गे, पण डोक्यातला ह्या छप्पर खंय ठेवतलंय?"

श्रावणात सात दिवस झड लागली. दोन छपरांच्या खाचेत पाणी तुंबलं आणि जुन्या भिंतीत मुरलं. आठव्या दिवशी सकाळी भिंतीला फुगा आला, तुळई सरकली. आत दाजींची सून बाळंतवेणा देत होती. तिला हलवायची सोय नव्हती. दाजी स्वतः भर पावसात, डोक्यावर इरलंही न घेता धाकूच्या दारात आले. तोंडातून शब्द फुटेना.

धाकूला मात्र फुटले. वाटभर तो ओरडत होता, पण पळतही होता.

त्याने तुळईखाली खांदा दिला. गावकरी वर चढून कौलं उतरवू लागले, नवे वासे तोडू लागले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धाकू तसाच उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतले, असं म्हणतात. पण तोंड क्षणभर थांबलं नाही. दाजींना, परगावच्या सुतारांना, त्या आढ्याला त्याने नावं ठेवली, आणि त्याच्या प्रत्येक शिवीसरशी आढं आपणहून वीतभर खाली आलं, असं म्हणतात.

मग आतून बाळ रडलं. मुलगी झाली होती. धाकू जन्मात पहिल्यांदा गप्प झाला.

पाऊस ओसरल्यावर त्यानेच ते छप्पर नव्याने बांधलं, एकाच बाजूला उतरतं. दाजी अंगणात पाटावर बसून त्याची बोलणी ऐकत राहिले.

आजही तळशेवाडीत कुणी जुन्या घराला खोली जोडली, तर आढं चढवण्याआधी मालकाला अंगणात पाटावर बसवतात आणि सुतार धाकूच्या नावाने त्याला मनसोक्त फैलावर घेतो. मालकाने उलट बोलायचं नसतं. मागे शहरातून आलेला एक इंजिनिअर रागावून मधेच उठला. सुतारांनी हत्यारांना हात लावला नाही, नुसते विड्या ओढत बसले. तिसऱ्या दिवशी तो मुकाट्याने येऊन पाटावर बसला, आणि सुताराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.