पाठमोरा शिक्षक

एकदा एक तरुण विद्वान अध्यापनाची विद्या शिकण्यासाठी एका वृद्ध आचार्यांकडे आला. त्याचे नाव नरहरी. व्याकरण आणि न्याय या दोन्ही शास्त्रांत त्याने चांगली गती मिळवली होती. परंतु आचार्यांकडे येणारी मुले तीन ते सहा वर्षांची होती. त्यांना व्याकरणाशी कर्तव्य नव्हते, आणि न्याय ठाऊक असलाच तर एवढाच, की शेजारच्याला आपल्याहून जास्त खाऊ मिळता कामा नये.

ही बालशाळा नदीकाठच्या एका पेठेत, धान्याच्या व्यापाऱ्याच्या रिकाम्या कोठारात भरत असे. शेटजींनी ती जागा आपण होऊन दिली होती, कारण त्यांची आईवेगळी नात मंजुळा तिथे येई. कोठारात छडी नव्हती, आसनांच्या रांगा नव्हत्या. मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या फळ्यांवर वस्तू मांडलेल्या असत. पाण्याचे लहानसे घंगाळ, मातीची बोळकी, शंख, दोऱ्या, नदीतले गोटे. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, हवा तितका वेळ त्यात रमावे आणि झाल्यावर जागच्या जागी ठेवावे, एवढाच तिथला नियम.

“मी काय शिकवू?” पहिल्या दिवशी नरहरीने विचारले.

“तूर्त काही नको,” आचार्य म्हणाले. “बस आणि बघ. हात मांडीवर राहू देत.”

नरहरी बसला. मंजुळा तेव्हा चार वर्षांची होती. ती रोज घंगाळातले पाणी बोळक्यांत भरी, पुन्हा घंगाळात ओती, सांडलेले फडक्याने टिपी आणि पुन्हा भरू लागे. एकवीस दिवसांनी नरहरीचा धीर सुटला.

“गुरुजी, ही मुलगी तीन आठवडे नुसते पाणी ओतते आहे.”

“ओतते आहे हे तू पाहिलेस. काल सहाव्या बोळक्यापाशी ती थांबली आणि माघारी जाऊन तिसऱ्यातले पाणी कमी करून आली. ती का थांबली असेल?”

नरहरीने ते पाहिलेच नव्हते.

त्याच आठवड्यात शेटजींचा निरोप आला. पौर्णिमेला घरी पाहुणे येणार होते. त्यांना घेऊन शेटजी शाळेत येणार, नात काय शिकली ते ऐकणार, आणि मग जागेचे पुढे काय करायचे ते ठरवणार. आचार्य म्हणाले, “येऊ द्यात.” आणि ते गोट्यांची टोपली पुसायला बसले.

नरहरीला मात्र स्वस्थ बसवेना. जागा गेली तर पंचवीस मुले कुठे जातील? त्याने दुपारच्या सुट्टीत मंजुळेला विहिरीच्या कट्ट्यावर बोलावले आणि बारा श्लोक शिकवायला घेतले. मुलगी मोठी तल्लख होती. एकेक चरण तिने उचलला की नरहरीचा चेहरा उजळे, आणि तो उजळला की मुलगी पुढचा चरण मागू लागे. दहा दिवसांत बाराही श्लोक तिला मुखोद्गत झाले.

पौर्णिमेला तिने हात जोडून, डोळे मिटून, एकही अक्षर न चुकता ते म्हटले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेटजींचे डोळे भरून आले. जागा राहिली. आचार्य काहीच बोलले नाहीत, आणि नरहरीने त्या मौनाचा अर्थ संमती असा लावून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मंजुळा पाण्याकडे गेली नाही. ती नरहरीच्या समोर येऊन उभी राहिली.

“दादा, आता काय करू?”

“तुला हवं ते कर.”

“कोणतं चांगलं?”

त्याने शंख दाखवला. तिने शंख उचलला, त्याच्याकडे पाहिले, खाली ठेवला, पुन्हा पाहिले. चार दिवसांनी तिच्या हातून बोळके कलंडले. एरवी ती फडके आणायला धावली असती. त्या दिवशी ती ओल्यात तशीच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “दादा, रागावलास?”

ही मुलगी पूर्वी कोणाकडेही न पाहता तासन्‌तास काम करीत असे, आणि आता तिला सांडलेले पाणी पुसायलाही कोणाचा तरी चेहरा वाचावा लागत होता. त्या संध्याकाळी त्याने आचार्यांना सारे सांगून टाकले.

“ठाऊक आहे,” आचार्य म्हणाले. “विहीर खिडकीतून दिसते.”

“मग मला थांबवलं का नाहीत?”

आचार्य उठून दिवा लावायला गेले. सकाळी त्यांनी नरहरीचे आसन स्वतः उचलले आणि उंबऱ्याजवळ नेऊन अशा रीतीने टाकले, की त्यावर बसणाऱ्याची पाठ मुलांकडे आणि तोंड रस्त्याकडे व्हावे. “इथे बस. मागे वळू नकोस. कोणी विचारलं तर खरं ते सांग.”

शिष्याला वाटले, ही शिक्षा आहे, आणि ती त्याला मान्य होती. पहिले चार दिवस मंजुळा दर घटकेला येई. “दादा, काय करू?” तो रस्त्याकडे पाहतच म्हणे, “मला ठाऊक नाही गं.” ती त्याच्यासमोर यायला बघे, पण आसन थेट उंबऱ्याशी भिडलेले असल्याने पुढे उभे राहायला जागाच नव्हती. पाचव्या दिवशी ती रडली. त्याला उठावेसे वाटले. त्याने आपलेच गुडघे घट्ट धरले. सहाव्या दिवशी ती आली नाही, सातव्याही नाही. पाठीमागे ती काय करते आहे, का नुसतीच कोपऱ्यात बसून आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

नवव्या दिवशी शेटजी आले. पाठमोऱ्या शिक्षकाला पाहून ते चकित झाले. “हे काय मांडलंय?”

“शेटजी, ते श्लोक शाळेचे नव्हते,” नरहरी म्हणाला. “तुम्ही जागा काढून घ्याल या भीतीनं मी ते तिच्याकडून घोकून घेतले. तुम्हाला फसवलं, आणि तिचं नुकसान केलं.”

शेटजी रागावतील असे त्याला वाटले होते. पण ते म्हणाले, “घरी पानावर बसली की विचारते, आजोबा, आधी भात खाऊ का पोळी? पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, शहाणी झाली.”

एवढ्यात आचार्य बाहेर आले आणि पायरीवर टेकले.

“माझी मुलगी आता चाळिशीची आहे,” ते म्हणाले. “तिला मीच शिकवलं. पाचव्या वर्षी तिचं पाठांतर ऐकायला गावोगावचे लोक यायचे. आजही तिचं पत्र येतं, ‘बाबा, धाकट्याला कोणत्या शाळेत घालू? अंगणात तुळस कुठे लावू?’ लोक म्हणतात, मुलगी किती आज्ञाधारक. मी ते पत्र उघडायला घाबरतो. पुढे इथल्या घाटाचं काम चाललं होतं, तेव्हा दगड वाहणाऱ्या बायकांची मुलं एक निरक्षर म्हातारी सांभाळायची. ती चार वस्तू त्यांच्या हाताशी ठेवायची आणि बाजूला बसून राहायची. ती मुलं मी वीस वर्षांनी पाहिली. सगळी थोर झाली असं मी म्हणणार नाही. एक जण तर वाईट मार्गालाही लागला. पण एक सुईण झाली, एक मुकादम झाला, आणि त्यांच्यातलं कोणीही हातातलं काम थांबवून दुसऱ्याचा चेहरा वाचत नव्हतं. ही शाळा त्या म्हातारीची आहे, माझी नव्हे.”

मग ते नरहरीकडे वळले. “श्लोक चांगलेच होते. पण तुझे चमकणारे डोळे तिला श्लोकांहून अधिक पाठ झाले. मी तुला तेव्हाच अडवलं असतं, तर तूही आयुष्यभर माझा चेहरा वाचत शिकवलं असतंस. आसन मी फिरवलं ते शिक्षा म्हणून नाही. तिला थोडे दिवस कोणाचाच चेहरा नको होता.”

“किती दिवस लागतील?” शेटजींनी विचारले.

“मला ठाऊक नाही,” नरहरी म्हणाला. या वेळी ते उत्तर त्याला जड गेले नाही.

इतक्यात आतून घासल्यासारखा आवाज आला. काहीतरी जड सरकत होते, थांबत होते, पुन्हा सरकत होते. मधूनच मंजुळेचा पुटपुटता स्वर येत होता. ती स्वतःशीच काहीतरी ठरवत होती. त्यात श्लोकाचा एकही शब्द नव्हता. शेटजींनी मान वळवायला घेतली, आणि अर्ध्यावर थांबवली. जोडे काढून ते नरहरीच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून बसले.

ती काय सरकवते आहे, हे त्या दोघांनाही कळले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

मूल आपल्याकडे न पाहता कामात बुडाले असेल, तेव्हा त्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे.