हाताची पायरी

शिळवडे गावाच्या मागे वाघजाईचा डोंगर आहे. अर्ध्यापर्यंत साधी पायवाट आणि शेवटचा चढ दगडी पायऱ्यांचा. या पायऱ्या पाहून नवा माणूस आधी हसतो. एकेक पायरी जेमतेम सहा बोटं उंच. एकेक घ्यावी तर चढल्यासारखं वाटत नाही, दोन-दोन घ्याव्यात तर पाऊल पुरत नाही. खालून अशा एक्क्याण्णव पायऱ्या होतात आणि मग एकाएकी समोर मांडीइतका उंच उभा खडक येतो. तिथे पायरीच नाही. खडकाच्या वर पुन्हा त्याच सहा बोटांच्या पायऱ्या सुरू होतात, थेट देवळापर्यंत चौसष्ट.

मधल्या त्या मोकळ्या जागेला गावात हाताची पायरी म्हणतात.

आम्ही सात जण गेलो होतो. आमच्यातले कुलथे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते खडकापाशी थांबले, पायाने अंदाज घेतला आणि म्हणाले, "दीडशे पायऱ्या केल्या आणि नेमकी एक विसरले? अर्ध्या दिवसाचं काम आहे हो."

वाटेच्या कडेला एक घडीव दगड ठेवलेला आहे. त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते महिपतीआबा. मंगळवारी आणि शुक्रवारी ते तिथे असतातच, असं आम्हाला गावात कळलं होतं.

"इसरलं न्हाईत," आबा म्हणाले. "टेका घटकाभर. दमबी खावा आन् ऐकाबी."

त्यांनी सांगितलं ते असं.

शंभरावर वर्षं झाली. तेव्हा या चढाला पायऱ्या नव्हत्या. लोक खडकाच्या कंगोऱ्यांना धरून वर जात. गावात भैरू पाथरवट होता. जाती, पाटे, उखळं घडवायची, कुणाचं जोतं बांधायचं, हा त्याचा धंदा. त्याची बायको ठकूबाई. खाणीतून दगड डोक्यावर वाहून वाहून तिचे गुडघे चाळिशीतच गेले होते. लग्न होऊन आली त्या वर्षी ती देवीला एकदा वर गेली, त्यानंतर कधी जमलं नाही. वर्षातून एकदा ती पायथ्याशी उभी राहून हात जोडायची आणि खालूनच ओटी पाठवायची.

त्यांना एकच मुलगा, राणू. बापाच्या हाताखाली तयार झालेला. त्या काळी पूल आणि रस्ते बांधणाऱ्या पलटणीत पाथरवट, सुतार, लोहार भरती करून घेत. राणू तिथे गेला. दर वर्षी दोन महिन्यांची रजा मिळे. पहिल्याच रजेत तो आईला म्हणाला, म्हणे, "आई, तुझ्या गुडघ्याला झेपंल अशी वाट करतो. तू तुझ्या पायानं वर जा."

त्याने आईला भिंतीशी उभं केलं. पाय दुखेपर्यंत नाही, दुखायच्या आधी जेवढा उचलेल तेवढाच उचलायला लावला आणि तिथे गेरूने रेघ ओढली. रेघ भुईपासून सहा बोटांवर आली.

"बस्स. हीच उंची."

भैरू हसला. "अरं, येवढ्याशा पायरीवर शेळीबी चढायची न्हाई."

"शेळीसाठी करतच न्हाई म्या," राणू म्हणाला.

असं ठरलं की बापाने खालून यायचं आणि मुलाने रजेत वरून उतरायचं. मधे कुठेतरी गाठ पडेल. भैरू वर्षभर जमेल तसं काम करी. राणू रजेत आला की गणवेश खुंटीला अडकवून डोंगरावर जाई. घरात त्याची बायको मैना होती, पुढे एक मुलगी झाली. मैना दुपारची भाकरी घेऊन जायची ती झोळीत पोर घालून. गावातले लोकही हळूहळू हात लावू लागले, कुणी पहार घेऊन, कुणी नुसतं पाणी घेऊन.

चौथ्या रजेत बाप-लेकाची गाठ पडली. एका पायरीचं अंतर उरेल असा दोघांचा अंदाज होता. उरलं मांडीएवढं. दोघांनी पुन्हा बोटं लावून पाहिली. मग ध्यानात आलं. सहा बोटं दोघांनीही मोजली होती, पण ज्याने त्याने आपापल्या बोटांनी. जन्मभर सुतकीचा हातोडा मारून भैरूची बोटं जाड झालेली. पायरीमागे फरक तांदळाएवढा, पण दीडशे पायऱ्यांत तो साचत गेला होता.

"बा, तुमची बोटं हायत का मुसळं?"

"आन् तुझी? पलटणीतलं आयतं खाऊन काडीवानी झाल्यात. लाज न्हाई वाटत?"

त्या दिवशी ठकूबाई पायथ्याशी बसून होती. दोघांचा आवाज खालपर्यंत येत होता. ती ओरडली, "भांडा, भांडा! तवर माझं उरल्यालं गुडघंबी जाऊ द्यात!"

राणूने त्या जागेसाठी एक दगड निवडला आणि घडवला. मी बसलोय तोच हा, असं म्हणून आबांनी बाजूला सरकून आम्हाला दगडाची कड दाखवली. टाकीचे घाव एकसारखे, पावसाच्या सरीसारखे तिरपे. दगड बसवायचा तेवढा राहिला आणि रजा मोडून हजर होण्याचा हुकूम आला. लढाई सुरू झाली होती. जाताना राणूने दगड वाटेच्या कडेला लावून ठेवला. "आल्यावर बसवतो," म्हणाला. "बा, तुमी हात लावू नका. तुमची बोटं न्हाई चालायची."

ठकूबाईने देवीला नवस बोलला. राणूला परत आण, तुझी ओटी भरायला मी माझ्या पायांनी वर येईन.

त्याच लढाईत गावच्या पाटलांचा मुलगाही गेला होता, दुसऱ्या पलटणीतून. पाटलांच्या म्हाताऱ्या आईने, पाटलीणबाईने, नातवासाठी हाच नवस बोलला होता. देवी एक, नवस एक. गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधी कागद आला. शाळेच्या मास्तरांनी वाचला. समुद्रापार बसऱ्याकडे नदीवर पूल बांधताना राणू भैरू कामी आला, एवढंच होतं, आणि तारीख. काही लोक पुढे असंही जोडतात की तो काठावर उभा राहून एकेकाला हात देऊन वर ओढत होता, तेव्हा गोळी लागली. आबा म्हणाले, "ते मागनं जोडल्यालं. कागदात तसं न्हवतं. आपन कशाला वाढवून सांगायचं?"

गावातले लोक भैरूला म्हणाले, तू पाथरवट आहेस, पोराच्या नावाने वीरगळ घडव, आपण वेशीवर उभा करू. भैरूने दगड आणला, टाकी लावली. दोन दिवसांनी त्याच दगडाचा त्याने पाटा करून टाकला. माझ्याच्याने पोराचं तोंड दगडात येत नाही, म्हणाला. डोंगरावर राणूने घडवलेला दगड तसाच पडून होता. त्यालाही त्याने हात लावला नाही. राणूने नको म्हटलं होतं.

ठकूबाई रडली नाही असं कुणी म्हणत नाही. वर्षभर ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. मैनाने घर चालवलं.

मग लढाई संपली आणि पाटलांचा मुलगा परत आला. नवस फेडायला पाटलांचं सारं घर निघालं, बरोबर गाव, पुढे वाजंत्री. डोंगराची वाट भैरूच्या घरावरून जाते. घर जवळ आलं तसं पाटलांनी वाजवणाऱ्यांना खूण केली. सगळे मुकाट चालू लागले. वाजतगाजत निघालेली माणसं अंगणापुढून चोरासारखी चालली, तेव्हा दार उघडलं आणि ठकूबाई बाहेर आली. हातात ओटीचं ताट होतं.

"का थांबवलं?" ती म्हणाली. "वाजवा की. आन् थोडं हळू चला, मलाबी यायचंय."

शेजारची एक बाई म्हणाली, "ठकूबाय, पर तुजा नवस…"

"माजा पोरगा न्हाई आला, ठावं हाय मला. पर सव्वीस वर्सं तिनंच दिल्ती न्हवं? आन् माझ्यासाठी वाट बांधंस्तवर तरी ठेवला. दिल्याचं काय म्हनायचं का न्हाई तिला?"

मैना पोरीला कडेवर घेऊन मागे आली, भैरू पुढे. वाजंत्री सुरू झाली.

ठकूबाई पायऱ्या चढली. आबा सांगतात की तिच्या मागून येणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त त्याचंच नवल वाटलं. ती कण्हली नाही, थांबली नाही. पाय जेवढा दुखायच्या आधी उचलतो तेवढाच उचलायचा होता. एक्क्याण्णव पायऱ्या तिच्या मापाच्या होत्या. मग हा खडक आला.

वाजंत्री आणि तरणी माणसं केव्हाच वर गेली होती. पाटलांचा मुलगाही त्यांच्यात होता. ठकूबाई खडकापाशी उभी राहिली. भैरू खडकावर चढला, वळला आणि सगळ्यांदेखत त्याने बायकोपुढे हात केला. त्या काळी नवरा-बायको चारचौघांत एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. ठकूबाईने ताट मैनाकडे दिलं आणि त्याचा हात धरला. त्याने तिला वर घेतलं.

तिच्या मागे पाटलीणबाई होती. सत्तरीची, थकलेली. तिच्या घरचं माणूस जवळ कुणी नव्हतं. पाटलीणबाई पाथरवटाच्या दारात कधी पाणीही प्यायली नव्हती. ती खडकाला हात टेकून उभी राहिली. मागे सगळी रांग खोळंबली.

ठकूबाई वरून वळली आणि तिने हात पुढे केला.

पाटलीणबाईने त्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या तोंडून एवढंच निघालं, "ठके, तुजा न्हाई गं आला."

"तुमचा आला न्हवं? मग या वर. देवी वाट बघतीया."

पाटलीणबाईने हात धरला. वर आल्यावर ती पुढे गेली नाही. वळून तिने मैनाला हात दिला, आधी पोरीला घेतलं, मग मैनाला. मैनाने तिच्या मागच्या बाईला. अशी ती रांग हातोहात वर आली. एरवी एकमेकांच्या सावलीला जपणारी माणसं होती त्यात. खडकावर कुणी कुणाची जात विचारली नाही. विचारायला सवडच नव्हती, असं आबा म्हणतात, आणि हसतात.

देवळात दोघींनी शेजारी उभ्या राहून ओटी भरली.

उतरल्यावर भैरू वाटेच्या कडेच्या दगडापाशी थांबला. बायकोला म्हणाला, "आता बसवू का? तुजं हाल व्हत्यात."

ठकूबाईने त्या दगडावर हात ठेवला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पायरी झाली तर पुढच्यानं मागं वळून कशाला बघायचं?"

ती त्यानंतर एकवीस वर्षं जगली आणि दर वर्षी वर गेली. तिला हात द्यायला माणूस कधी कमी पडला नाही.

इथे आबा थांबले. कुणीतरी विचारलं, "आणि ती लहान मुलगी?"

"ती माजी आई," आबा म्हणाले. "बाप तिला आठवायचा न्हाई. पर हितं आली की ह्या दगडावर हात फिरवायची. म्हनायची, हे बापाचं अक्षर."

आजही त्या जागी पायरी नाही. मधे एकदा सिमेंटची पायरी मंजूर झाली होती, ती गावाने गोडीत परत पाठवली. आजही तिथे कुणी एकटा चढत नाही. चढता येत नाही म्हणून नव्हे. एकटा आलेला माणूस राणूच्या दगडावर बसून राहतो, मागून कुणी ना कुणी येतंच. हात देणाऱ्याचं नाव-गाव विचारायचं नाही. आणि वर गेल्यावर देवीपाशी आधी काय मिळालं ते सांगायचं, मागायचं असेल ते मग.

आमच्यात सगळ्यात आधी कुलथे उठले. खडकावर चढले आणि वळून त्यांनी हात पुढे केला. एकेक जण वर गेला. मी शेवटी होतो. दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर माझ्यामागे माझी बायको असती. सवयीने मी वर आल्यावर वळलो आणि हात खाली केला.

खाली महिपतीआबा उभे होते. "चला," ते म्हणाले, "मलाबी आज जाऊन यायचंय." त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं जाड होती.

वर देवळात मी बराच वेळ उभा होतो. मिळालेलं सांगायला वेळ लागला. मागायचं राहून गेलं.