गुडघाभर पाण्यातला शब्द

मुलांनो, त्या दिवशी पौषातली सकाळ होती. तळ्यावर धुके एवढे दाट उतरले होते की काठावरच्या बगळ्याला आपलेच पाय दिसेनात. त्या तळ्याकाठी एक म्हातारा रेडा राहत असे. दर थंडीला तिथे दूरदेशीचे हंस येत. त्यांना आपली बोली कळत नसे, इंग्रजी तेवढे कळे. गेल्या साली अशाच धुक्यात दोन हंस उथळ पाण्यात, नेमके शिकाऱ्याच्या जाळ्यात उतरले. जाळे रेड्याने पाहिले होते, पण पाहुण्यांना सांगणार कसे? ते त्याच्या मनाला लागून राहिले.

त्याची शेजारीण एक साळुंकी. तिचे घरटे शाळेच्या वळचणीला, त्यामुळे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी, सगळे तोंडपाठ. पावसाळा सरताच रेड्याने तिच्याकडे रोज एक शब्द मागितला.

"एकच, आजोबा? मी रोज पन्नास करते," त्याच्या पाठीवरचे किडे टिपत ती म्हणाली. "या चालीने तुमचे शिक्षण पुढच्या जन्मी पुरे व्हायचे."

"होईल तेव्हा होईल, बाई. आज 'शॅलो' दे."

तो शब्द घेऊन रेडा दुपारपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा विरुद्धार्थी 'डीप' घेऊन गळ्याएवढ्या पाण्यात बसला. 'नेट' शिकला तेव्हा दिवसभर जाळ्याकडे बघत रवंथ करत होता.

तर त्या सकाळी धुक्यातून हंसांचा थकलेला आवाज आला. कुठे उतरावे, ते विचारत होते. जाळे याही साली तिथेच होते. साळुंकी घाईघाईने ओरडली, "डेंजर, पेरिल, हॅझर्ड, जेपर्डी!" सारे तळेच धोक्याचे समजून हंस माघारी वळू लागले. पुढे कोसन्‌कोस पाणी नव्हते, आणि पंखांत बळ उरले नव्हते.

रेडा गळ्याएवढ्या पाण्यात शिरला. तोंड वर करून सावकाश म्हणाला, "हिअर, डीप. कम." थोडे थांबून म्हणाला, "शॅलो, नेट. नो."

त्याच्या आवाजाच्या रोखाने हंस एकामागून एक उतरले, थेट त्याच्या शिंगांभोवती. एकही जाळ्याकडे गेला नाही. मग साळुंकी त्याच्या शिंगावर येऊन बसली.

तात्पर्य : साळुंकी तेव्हा रेड्याला म्हणाली तेच. "आजोबा, मी शब्द नुसते पाठ केले, तुम्ही ते वापरून पाहिले. वापरलेला शब्दच वेळेला धावून येतो. उद्या मलाही पाण्यात न्या."