कागदावर बुडालेली होडी

तळ्याकाठी घरच्या घरी होड्या बांधणाऱ्या हौशी मंडळींचा मेळावा भरला होता. निवृत्त शिक्षिका वत्सलाबाई टिपणीस यांनी दोन वर्षं खपून गोठ्याच्या जुन्या फळ्यांची होडी बांधली होती. परीक्षक होते बडे इंजिनिअर घारपुरे. त्यांनी होडीकडे लांबूनच पाहिलं, वहीत आकडेमोड केली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई, ही पाण्यात सोडायची नाही. कागदावर ही सरळ बुडतेय."

बाई शांतपणे म्हणाल्या,

"कागदावर बुडू द्या की, साहेब. मी ती पाण्यावर चालवणार आहे."

एकच हशा पिकला. घारपुऱ्यांना नाही म्हणता येईना. बाई वल्हं मारत पलीकडच्या काठाला टेकून परत आल्या. घारपुऱ्यांनी वाकून होडीच्या आतल्या तळाला हात लावला. तो कोरडा ठणठणीत होता.