शेजारच्या ओट्यावरचं पाणी

त्या समोरच्या खाणी बघा. ती तांबडी, तिच्या अंगाला लागून पिवळी, आणि पलीकडे जांभळट दिसते ती. गेरू काढायचं बंद होऊन पिढ्या लोटल्या, पण रंग काही हटत नाही. मघाशी तुम्ही गांगरलात, ते दिसलं आम्हाला. जेवायला बोलावलं आम्ही आणि पायांवर पाणी घातलं शेजारच्या वहिनींनी! हसू नका, टेका जरा. या कावमाळावर खालून कुणीही आलं, की आधी शेजारच्या ओट्यावर पाय धुवायचे, मग जिथे जायचं त्या घरी. ही रीत पडली ती त्या तांबड्या खाणीपायी.

असं सांगतात, की रायबा आणि मल्लू हे चुलतभाऊ तिथे गेरू खणत. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, पुढे ओटा एकच. रायबाची बायको आवडा, मल्लूची चंद्रा. दोघे भाऊ एका अंगलटीचे, आणि दिवस मावळता वर येत ते डोक्यापासून पायापर्यंत तांबडे.

एके दिवशी खाणीची कड ढासळली आणि दोघेही गाडले गेले. गावाने हातांनी माती उपसली. एकच जण हाती लागला, श्वास चालू असलेला. दुसरा अजून तिथेच आहे म्हणे. वर आणलेल्याचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालेलं, शुद्ध हरपलेली, अंगभर ओल्या गेरूचा जाड लेप.

मग धुवायचं की, असं तुमच्या मनात आलंच असेल. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. गेरू रक्त धरून ठेवतो, अशी खाणीतल्या माणसांची पक्की समजूत. लेप आपला आपण सुटेपर्यंत पाणी लावायचं नाही, लावलं तर जीव त्याच्याबरोबर वाहून जाईल. जाणत्यांनी तसं बजावलं आणि त्याला त्या एकाच ओट्यावर निजवलं.

आवडा उशाशी बसली. हा आपला की चंद्राचा, तिला काही उमगेना. हात बघावा तर आपलाच वाटे, पुन्हा बघावा तर परका. नाव घेऊन हाक मारावी, तर नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा सोय नव्हती. ती म्हणे, "अवो." तो हुंकार देई. मग पायाशी बसलेली चंद्रा म्हणे, "अवो." तो तिलाही हुंकार देई. दोघी एकमेकींकडे बघत आणि मान खाली घालत.

डोंगरावरच्या आईपुढे आवडा गेली. हा माझा असू दे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण तो तिचा ठरला, की चंद्राचा माणूस खाणीत राहिला. चंद्राचा असू दे म्हणावं, तर जीभ रेटेना. देवीपुढे उभं राहून मागायचं काय, हेच तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, "आई, कुणाचाही असो, उठू दे त्याला. त्याच्या पायांवर पहिलं पाणी मी घालीन."

पुढे लेपाच्या खपल्या सुटू लागल्या. एका सकाळी चंद्रा झऱ्यावर गेली होती. आवडाने नवस फेडायला तांब्या घेतला आणि त्याचा एक पाय धुतला. गार पाणी लागताच तो डोळे न उघडता पुटपुटला, "चंद्रे, आलो गं."

आवडाच्या हातातला तांब्या अर्धा भरलेला होता. क्षणभर तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण आवाजही मल्लूचाच होता. तरी ती उठली नाही. दुसरा पाय राहिला होता, तो तिने नीट धुतला, पदराने पुसला. मग झऱ्याच्या वाटेला तोंड करून हाक दिली, "चंद्रा, ये गं. तुझा माणूस घरी आला."

त्या दोन घरांतलं आवडाचं कुठलं, हे आज कुणाला सांगता येत नाही. दोन्ही घरं म्हणतात, आमचंच. आम्हीही म्हणतो.

आजही खालून माणूस आला, की शेजारीण त्याचे दोन्ही पाय धुते. एक धुऊन थांबायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मग ती आपल्या दारातून पलीकडच्या घराला हाक देते, "ये गं, तुझा माणूस घरी आला." आणि ती हाक येईपर्यंत आतली बाई चुलीपुढून हलत नाही.