न विचारता काढलेले ओठ

खूप खूप वर्षांपूर्वी, म्हणजे इतक्या की मोजायला बसू नका, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक चितारीण राहायची. ती माणसांचे चेहरे काढायची आणि तिची एक रीत होती. चेहऱ्याचे ओठ ती सगळ्यात शेवटी काढायची, तेही स्वतःच्या घरी नाही. ज्या घरात चित्र राहणार, तिथल्या भिंतीला ते टांगून ती हळूच विचारायची, "इथे राहशील ना?" थोडा वेळ गप्प बसायची आणि मगच ओठ रेखायची. लोक तिला हसायचे, पण चित्र हवं असलं की तिच्याकडेच यायचे.

गावच्या बाजारात एक बाई फुलं विकायची. तिची सात वर्षांची मुलगी तापाने गेली. "मला तिचा चेहरा विसरायचा नाही," एवढंच ती चितारणीला म्हणाली. चितारणीने जीव ओतून चेहरा रेखला आणि रंग वाळायला चित्र ओसरीवर टांगलं. ओठांची जागा तेवढी कोरी होती.

रस्त्याने मधाचा एक व्यापारी चालला होता. तो गोड चेहरा पाहून थबकला. आत जाऊन विचारावं, हे काही त्याला सुचलं नाही. त्याने आपल्या रंगाऱ्याला रस्त्यावरच उभं करून चेहरा उतरवून घेतला आणि सांगितलं, "तोंड हसरं काढ." थोड्याच दिवसांत त्याच्या प्रत्येक मडक्यावर ती पोर हसू लागली. मध हातोहात खपला.

फुलवालीने ते पाहिलं. गेलेली लेक दुकानात रांगेने मांडलेली, आणि एक फुटकं मडकं गटारात पडलेलं. तिला वाटलं, चितारणीनेच चेहरा विकला. तिने चितारणीला दार बंद केलं आणि तिचं पाहून गावानेही केलं. चितारणीचं काम गेलं. त्याहून वाईट म्हणजे तिच्यावरचा विश्वास गेला.

ती व्यापाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "बाई, तुझं चित्र तुझ्या ओसरीवरच आहे. मी नुसतं पाहिलं. पाहण्याचं कुणी मोल देतं का?" वर मोठ्या मनाचा आव आणून त्याने मधाचं एक मडकं तिच्यापुढे सरकवलं. हे सांगताना मला अजून राग येतो. तिने मडक्याला हात लावला नाही. ती सरळ गावच्या म्हाताऱ्या पंचीण आजीकडे गेली. आजीने निवाड्यासाठी पौर्णिमेचा दिवस दिला.

तोवर बाजारात भलतंच सुरू झालं. सांडलेल्या मधाला मुंगी लागेना. मडक्यांवरचे हसरे, मिटलेले ओठ किंचित उघडलेले दिसू लागले. रंग ओघळला असेल, असं लोक म्हणाले. दुसऱ्या दिवशी दात दिसले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी कोठारात कुणी तरी श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि हमाल काम सोडून गेले. मडक्यांवरची ती पोर आता काय बोलणार, याचीच गावाला धास्ती लागली.

पौर्णिमेला चावडीवर सगळे जमले. व्यापाऱ्याने पुन्हा तेच सांगितलं की त्याने कुणाचं काही नेलं नाही. आजीने एक मडकं मध्ये ठेवायला लावलं आणि व्यापाऱ्यालाच विचारलं, "हे ओठ काढताना विचारलं होतंस कुणाला?"

व्यापारी हसला. "चित्राला काय विचारायचं?"

तेव्हा मडक्यावरचं तोंड पुरतं उघडलं. लहान मुलीच्या आवाजात ते म्हणालं, "मला कुणी विचारलंच नाही." लगेच पलीकडच्या कोठारातून शेकडो तोंडांनी तेच म्हटलं. फुलवाली धावत मडक्यापाशी गेली. तो तिच्याच लेकीचा आवाज होता.

व्यापाऱ्याने चितारणीचे पाय धरले. कोठार घे, दुकान घे, घर घे, पण हे थांबव, असं तो विनवू लागला.

चितारीण म्हणाली, "भीतीपोटी दिलेलं मला नको. माझ्या हक्काचं तेवढं द्या."

आजीने हक्काचं ठरवून दिलं. चेहऱ्यामुळे झालेल्या नफ्यातला रास्त वाटा चितारणीला. चेहरा चोरून घेतला होता, ही कबुली भर बाजारात. आणि प्रत्येक चेहरा व्यापाऱ्याने स्वतः फुलवालीसमोर पुसायचा, तिची माफी मागत. त्याने तिन्ही गोष्टी केल्या. गावातला शेवटचा चेहरा पुसला, तेव्हा सांडलेल्या मधावर पहिली मुंगी आली.

त्या संध्याकाळी फुलवालीने चितारणीला दार उघडलं. चित्र भिंतीला लागलं. "इथे राहशील ना गं?" चितारणीने विचारलं. दोघी बराच वेळ गप्प बसल्या. मग चितारणीने ओठ रेखले, मिटलेले आणि शांत.

मात्र एक मडकं आधीच परमुलखात विकलं गेलं होतं. व्यापारी ते शोधत गावोगाव फिरला. प्रत्येक गावात लोक त्याला सांगत, की ते कालपर्यंत इथेच होतं आणि तुमचं नाव घेऊन तुमचा ठावठिकाणा विचारत होतं.

तात्पर्य: दुसऱ्याची कला नुसत्या नजरेने उचलली तरी ती चोरीच असते, म्हणून आधी विचारावं, आणि वापरलं तर त्याचं रास्त मोल द्यावं.